कानामागची जखम

“मशीन काय कपाटात ठेवायला आणलं का?” गिरधर ओरडला. शेजारच्या ओट्यावरच्या बाया माना वळवून पाहू लागल्या. जिच्यासाठी तो ओरडत होता, त्या सुनंदाबाईला त्यातलं निम्मंही ऐकू गेलं नाही. नवऱ्याचा चेहरा तेवढा दिसला. ती मुकाट्यानं उठली आणि मशीन घेऊन आली.

वाचकहो, असा आरडाओरडा आपल्याही गल्लीत ऐकू येतो. म्हणून ही एक्क्याण्णव सालची गोष्ट सांगतो.

गिरधर एरंडोलला पंचायत समितीत कारकून होता. सुनंदाबाईचे दोन्ही कान लहानपणापासून वाहायचे, त्यामुळे कानात घालायचं यंत्र तिला चालत नव्हतं. धुळ्याच्या डॉक्टरांनी तिला हाडातून आवाज पोचवणारं यंत्र दिलं. डोक्यावरून स्टीलची पट्टी जायची. तिच्या टोकाचं बटण कानामागच्या हाडावर दाबून बसायचं, आणि तिथून वायर पोलक्याला अडकवलेल्या डबीत यायची. पहिल्या दिवशी भाकरी थापण्याचा आवाज ऐकून ती रडली होती.

पण घरात आबा होते, गिरधरचे वडील चुडामण. सासऱ्यासमोर डोक्यावर पदर हवाच. पदराखाली, तेल लावलेल्या केसांवरून पट्टी घसरायची. गिरधरनं पक्कड घेतली आणि पट्टी वाकवून घट्ट केली. “आता हलणार नाही,” तो म्हणाला. हललीही नाही! पण सुनंदाबाई ती काढून कपाटात ठेवू लागली, आणि गिरधर त्यावरून ओरडू लागला.

वैशाखात सुनंदाबाईच्या पदराला पिवळा डाग दिसू लागला. गिरधरनं विचारलं तेव्हा तिनं पट्टी काढून त्याच्यापुढे ठेवली.

“माले नको हाई मशीन. डोकं ठणकस, कानामागे आग होस. बहिरी म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. मी आता घालाव नही.”

त्यानं तिचे केस बाजूला केले. कानामागे रुपयाएवढी जखम होती, पिकलेली.

दुसऱ्या दिवशी दोघं धुळ्याला गेले. कान तपासायच्या खोलीत सुमनबाई नावाच्या जुन्या जाणत्या बाई होत्या. त्यांनी जखम पाहिली, पट्टी हातात घेतली आणि विचारलं, “ही कोणी वाकवली?”

“मीच. घसरत होती.”

“आणि दर दोन तासांनी काढून ठेवायची, असं तुम्हाला इथं सांगितलं होतं. ते यांना सांगितलंत?”

डॉक्टर सगळं त्याच्याशीच बोलले होते. बहिऱ्या बाईला काय सांगायचं म्हणून त्यानं ते घरापर्यंत नेलंच नव्हतं.

“बसा खाली,” सुमनबाई म्हणाल्या. त्यांनी पट्टी पुसली आणि त्याच्याच डोक्यावर चढवली. डबी त्याच्या छातीला लावली. त्याच्या गळ्यातला गमछा डोक्यावरून डबीपर्यंत ओढला. “आता मान हलवा.”

गिरधरनं मान हलवली. गमछा डबीवर घासला, आणि पत्र्यावर कोणी वाळू ओतावी तसा खरखराट त्याच्या डोक्यात भरला. सुमनबाई काहीतरी बोलत होत्या. एक शब्द कळेना. थोड्या वेळानं कानामागचं हाड ठणकू लागलं. त्यानं पट्टी काढायला हात वर केला.

“पाच मिनिटं झाली नाहीत भाऊ! यांनी चार महिने काढले.”

त्याचा हात तसाच राहिला. समोर सुनंदाबाई बसली होती. ती हसली नाही की रागावली नाही. नुसती पाहत राहिली.

“ही बाई हट्टी नाही,” सुमनबाई म्हणाल्या. “यंत्र कुठं टोचतं ते जिच्या डोक्यावर आहे तिलाच कळणार. तुम्ही तिला विचारलंत का कधी?”

“नाही,” गिरधर म्हणाला.

घरी आल्यावर त्यानं आबांना सगळं सांगितलं, यापुढे ती डोक्यावर पदर घेणार नाही हेही. आबा भडकले. “मनासमोर, सासरासमोर सूननं डोकं उघडं? लोक तोंडात शेण घालतीन!”

“आबा, तो पदर तिच्या कानात वाळू ओततो. मी आज स्वतः ऐकलं. आणि ती जखम मी केली, या हातांनी!”

आबा त्या दिवशी जेवले नाहीत.

जखम भरायला महिना गेला. तोवर पट्टी बंद. गिरधर कामावरून आला की तिच्यासमोर बसायचा, तोंड तिच्याकडे करून सावकाश बोलायचा. कधी चिडायचाही. सवय एकदम जात नाही.

महिन्यानं सैल केलेली पट्टी तिनं पुन्हा घातली. आबा समोर होते. सवयीनं तिचा हात पदराकडे गेला.

“राहू दे बेटा,” आबा म्हणाले. “आठे, जवळ बस. मना आवाज ऐकू येस का?”

“ऐकू येस, आबा.”

आबांनी मान खाली घातली. “पहिलेच विचाराले पाहिजे व्हतं,” ते पुटपुटले.

दोन तासांनी तिनं पट्टी काढली. कानामागे वण कायमचा राहिला. उन्हाळ्यात आजही तिथं आग होते, आणि त्यावर इलाज नाही.

तेव्हा बंधूंनो, भगिनींनो, आपल्या माणसाला यंत्र आणून दिलं की आपलं काम संपलं, असं समजू नका. ते रोज त्याच्या अंगावर असतं. जवळ बसा आणि विचारा, “दुखतं का?” उत्तर येईपर्यंत थांबा. माणूस समोर आहे तोवरच हे विचारता येतं.