निषादावरची दाद

आमचे हे दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोक यांच्यापुढे तोंड उघडून बसतात, पण बोलत कोणीच नाही. त्याची भरपाई रविवारी दुपारी आमच्या बैठकीच्या खोलीत होते. जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणं ऐकायची आणि मग त्यावर तावातावाने भांडायचं, असा तो कार्यक्रम. मी गणित शिकवते. मला सूर कळतात की नाही हे मलाच कळत नाही, पण दोन माणसं एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगून भांडत असली की ते मला बरोबर कळतं. म्हणून चहा द्यायला गेले तरी मी तिथेच रेंगाळते.

येणारे दोघे ठरलेले. एक ठेकेदार. ते बांधकामातले नव्हेत. आयुष्यभर पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होते. हाताला लागेल त्या वस्तूवर ठेका धरतात, म्हणून ठेकेदार. आमच्या टीपॉयची काच त्यांच्यामुळेच काढून ठेवली आहे. दुसऱ्या भूगोलबाई. शाळेतून निवृत्त झाल्या, पण अजून कुणाचंही मत खोडताना हवेत न दिसणारी छडी फिरवतात. बाकीची मंडळी गावोगावची, फोनवरच्या ग्रुपमध्ये. तिथे यांचे लांबलचक लेख पडतात आणि त्याहून लांब उत्तरं येतात.

भांडणाचा कायमचा विषय म्हणजे एका बुवांचा बिहाग राग. बुवांचा तो दोनदा ध्वनिमुद्रित झालेला. एक स्टुडिओतला, स्वच्छ, घासूनपुसून ठेवल्यासारखा. दुसरा एका मैफलीतला. प्रेक्षकांत बसून कुणीतरी तो टेपवर उतरवला होता आणि अलीकडेच तो संग्राहकांच्या हातोहाती फिरत आमच्यापर्यंत आला होता. त्यात खोकले होते, खुर्च्यांची करकर होती, आणि ती दाद होती.

म्हणजे असं की बुवा वरच्या निषादावर, म्हणजे 'नी'वर, जाऊन थांबतात. आता षड्जावर, पुढच्या 'सा'वर येतील, आता येतील म्हणून सगळे जीव मुठीत धरून बसलेले. बुवा येतच नाहीत. आणि त्या शांततेत एक बाई कळवळून म्हणते, "आई गं!" पाठोपाठ बुवांचं किंचित हसू ऐकू येतं, आणि मग तो षड्ज लागतो.

या "आई गं"वर आमच्या डॉक्टरांनी ग्रुपमध्ये केवढा लेख लिहिला होता! ती श्रोती स्वतः गाणारी असणार, निषादाची तहान कळायला तशीच तयारी लागते, वगैरे. भूगोलबाईंनी तर ती कोणाची शिष्या असावी याचे तर्क लढवले होते. ठेकेदार मात्र स्टुडिओच्या पक्षात.

"डॉक्टर, रसिक असावं, पण असं माइकमध्ये रसिक असू नये," ते म्हणायचे.

त्या रविवारी माझी आई आमच्याकडे होती. एरवी ती भावाकडे असते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट आहे म्हणून चालता येईपर्यंत इकडे आली. दुपारी ती आतल्या खोलीत आडवी व्हायची आणि तिला मंडळींचा त्रास नको म्हणून मी दार लोटून घ्यायची. त्या दिवशी उकाडा होता, दार उघडंच राहिलं.

यांनी मैफलीतला बिहाग लावला. निषाद आला. "आई गं!" आली. पाठोपाठचं हसू संपताच यांनी बटण दाबून थांबवलं आणि ते ठेकेदारांकडे वळले. "आता सांगा! ही दाद काढून टाकली तर या बिहागात काय उरतं?"

"बिहाग उरतो," ठेकेदार म्हणाले.

तेवढ्यात वॉकरची टकटक ऐकू आली. दारात आई उभी. केस विस्कटलेले, चष्मा कपाळावर.

"जावईबापू," ती म्हणाली, "हे माझं ओरडणं तुमच्याकडे कसं काय आलं?"

ठेकेदारांची ठेका धरलेली बोटं थांबली.

"आई, तुम्ही?" हे म्हणाले. "तुम्ही त्या मैफलीला होता?"

"होते म्हणजे काय, नेलं होतं मला. नवीनच लग्न झालेलं. हिच्या बाबांना गाण्याचं भारी वेड. मला आपलं, छान साडी नेसून बाहेर जायला मिळालं, एवढंच." मी पुढे सरकवलेल्या खुर्चीत ती हळूच टेकली. "गाणं काही संपेना. मला पेंग यायला लागली होती. आणि ते बुवा तिथे कुठेतरी वर जाऊन अडकले..."

"निषादावर," भूगोलबाईंनी राहवेना म्हणून सांगितलं.

"असेल. हे माझ्या शेजारी नुसते ताठ झालेले. माझा हात त्यांच्या हातात होता. त्यांनी तो इतका जोरात आवळला की बोटातली अंगठी कचकन रुतली. मग ओरडणार नाही तर काय करणार? सगळं सभागृह वळून बघायला लागलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला!"

ठेकेदार हसता हसता सोफ्यावरून घसरायचे बाकी राहिले. "निषादाची तहान! डॉक्टर, अंगठी हो, अंगठी!"

आमच्या डॉक्टरांचा चेहरा अक्कलदाढ उपटल्यासारखा झाला होता. मला वाईटही वाटलं आणि हसूही आवरेना. भूगोलबाई मात्र सहजी ऐकणाऱ्यातल्या नव्हेत.

"मावशी, राग मानू नका," त्या म्हणाल्या, "पण इतक्या वर्षांनी एका हाकेवरून आपलाच आवाज कसा ओळखला?"

"आवाज कुठला ओळखतेय! पुढचं ओळखलं. ते काय पुटपुटले ते नाही का येत तुमच्या यंत्रात?"

खरं तर काहीतरी येत होतं. बुवांच्या हसण्याखाली पुरुषाची अस्पष्ट कुजबुज होती. ग्रुपवर तिच्यावरही चर्चा झाली होती. तबलजीने काहीतरी सुचवलं असावं, असं ठरलं होतं.

"काय म्हणाले होते?" यांनी विचारलं.

"म्हणाले, चुकलो गं, पण तो येतच नाहीये बघ."

यांनी कानाला हेडफोन लावले. पुढे-मागे करत पुन्हा पुन्हा ऐकलं. मग ते काढून माझ्या डोक्यावर चढवले.

आधी नुसती खरखर. मग बुवांचं हसू. आणि त्याच्या खाली, घाईघाईत, अपराधी आणि तरी आनंदाने फुटायला आलेला एक आवाज. "चुकलो गं... येतच नाहीये बघ."

बाबा जाऊन खूप वर्षं झाली. घरात त्यांचे फोटो आहेत, पण आवाज कुठेच नव्हता. तो कसा होता हे मी विसरले आहे, हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि हा तर मी कधीच न ऐकलेला आवाज, माझ्याहून कितीतरी लहान असलेल्या तरुणाचा. पण "बघ" म्हणताना शेवटी जरा वर चढणारा तो सूर त्यांचाच. गणित जमलं की मला असंच म्हणायचे.

मी हेडफोन आईला दिले. तिने डोळे मिटून ऐकलं, मग थांबलीच नाही. बुवांचा षड्ज लागला, पुढच्या ताना झाल्या, तरी ऐकतच राहिली. आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. चौघंजण तिच्या चेहऱ्याकडे बघत बसलो होतो. आमच्या घरात एखाद्या ध्वनिमुद्रणावर इतका वेळ मतभेद न झाल्याची ती पहिलीच वेळ.

शेवटी तिने हेडफोन उतरवले. "त्यानंतर मी कधी गेले नाही त्यांच्याबरोबर," ती म्हणाली. "तुम्ही जा, म्हणायची. लाज वाटायची मला. ते बिचारे एकटे जायचे आणि येऊन मला सगळं सांगत बसायचे. मी हूं हूं करत भाजी निवडायची."

भूगोलबाईंनी पुढे होऊन तिचा हात धरला. ठेकेदारांनी खिडकीबाहेर बघत नाक ओढलं. यांना मात्र एकदम काहीतरी सुचलं आणि ते उठून उभेच राहिले.

"पण म्हणजे माझं चुकलं कुठे? दाद खरीच होती! दाद सासऱ्यांची, फक्त आवाज आईंचा!"

"आणि खर्चही माझाच," आई म्हणाली. "बोट सुजलं होतं चांगलं."

यांनी ग्रुपवर दुरुस्तीचा लेख टाकला. मूळ लेखापेक्षाही मोठा. त्यावर दोन दिवस नुसता धुमाकूळ. एका दूरच्या सदस्याने ठामपणे कळवलं की दाद देणारी बाई तयारीची गायिकाच होती आणि डॉक्टरांच्या सासूबाईंचा काहीतरी गैरसमज झाला असावा. आईने ते मला दोनदा वाचायला लावलं आणि भलतीच खूश झाली.

पुढच्या रविवारी ती आधीच वेणीफणी करून खुर्चीत बसली होती. यांनी मोठ्या मानाने तिला दोन्ही बिहाग ऐकवले आणि मत विचारलं.

"स्टुडिओतला चांगला आहे," ती म्हणाली.

ठेकेदारांनी विजयाने सोफा बडवला. "का बरं?" यांनी पडलेल्या आवाजात विचारलं.

"बुवा घाईत नाहीत. मैफलीत लोक बघताहेत म्हणून ते निषादावर मुद्दाम बसलेत. मला दुसरा दाखवा, या रागातलाच, पण बाईमाणसाचा."

तेव्हापासून आमच्याकडे भांडायला चार जण आहेत. आई घाईत गाणाऱ्यांना माफ करत नाही. बाबा येऊन सांगायचे ते तिने नुसतं हूं हूं करून सोडलं नव्हतं, हे हळूहळू बाहेर पडतंय. मधूनच म्हणते, "हे म्हणायचे, याच्या ताना सरळ जिन्यावरून उतरल्यासारख्या." मग यांचं पेन शोधणं सुरू होतं.

तिला काठीने चालता यायला लागलं तशी भूगोलबाईंनी तिला एका मैफलीला न्यायचा घाट घातला. गाडी माझी. गाणाऱ्या बाई तरुण होत्या, माइकने मध्येच दगा दिला, आणि पहिला राग संपेपर्यंत मला स्वतःला जांभई आवरत नव्हती. आई पुढे झुकून ऐकत होती. परतताना मागच्या सीटवर दोघींचं जे सुरू झालं ते थांबेचना. विलंबित लांबलं, नाही, लांबलं नाही. आवाज बसका होता, नाही, तो तसाच आहे.

"तुला काय वाटलं गं?" आईने मला विचारलं.

"मला आवडलं," मी म्हटलं.

"आवडलं हे मत नव्हे," भूगोलबाई म्हणाल्या, आणि कधी नव्हे ते आईने त्यांच्या म्हणण्याला मान डोलावली. घराकडचं वळण आलं होतं. मी ते सोडून दिलं आणि लांबच्या रस्त्याने गाडी घेतली.