शुक्रवार सोडून रोज दुपारी

तिउर्माच्या पत्राला मी वर्षभर उत्तर दिलं नाही. खूण म्हणून पुस्तकात ठेवलं होतं. पुस्तक संपलं की पत्र पुढच्या पुस्तकात जाई. एवढी काळजी मात्र घेतली.

ती बोगोरच्या विद्यापीठातली विद्यार्थिनी. आमच्या रिआऊच्या पाम मळ्यात, कुजल्या पाल्याच्या काळ्या दलदलीवर, पडलेल्या उन्हातलं हवेत किती जातं नि जमिनीत किती मुरतं हे मोजत होती. उपकरणांची राखण माझ्याकडे. तिने लिहिलं होतं: "सरबाईनी काका, रोज दुपारी साडेबारा ते दीड जमिनीत जाणारी उष्णता एकदम घटते. फक्त शुक्रवारी घटत नाही. पुढच्या ऑगस्टपर्यंत कारण सापडलं नाही तर सर माझ्या दोन वर्षांच्या नोंदी बाद करतील. तुम्ही तिथेच असता. काही दिसतं का?"

मला पुस्तक दिसत होतं.

विद्वानांना पुष्कळ दिसलं. एक म्हणाले, मुळं दुपारी विसावतात. दुसऱ्यांनी कालव्यावर ढकललं. शुक्रवारचं काय, असं विचारल्यावर आमचे व्यवस्थापक विबिसाना गंभीरपणे म्हणाले, "आपली जमीन श्रद्धाळू आहे." मी मान डोलावली. माझ्या मानेला तेवढंच येतं.

परवा माझ्या बायकोला, रोस्मानियारला, पत्र सापडलं.

"अहो, शुक्रवारी दुपारी तुम्ही कुठे असायचात?"

"मशिदीत."

"आणि एरवी?"

"कुंपणात."

उपकरणाभोवती तारेचं कुंपण होतं आणि 'आत येऊ नये' अशी पाटी. सबंध मळ्यात कोणी गप्पा मारायला येणार नाही अशी ती एकच जागा. जेवणाच्या सुट्टीत तिथे चटई अंथरून, छत्री उघडून मी वाचत बसे. उष्णता मोजणारी चकती चटईखाली चार बोटांवर होती. खड्डा मीच खणला होता.

"म्हणजे त्या पोरीची दोन वर्षं तुमच्या बुडाखाली," रोस्मानियार म्हणाली.

"नोकरी गेली असती."

"निवृत्त होऊन दोन महिने झाले. आता काय, चटई जप्त करणार आहेत? जुलै संपत आला."

मी सहा पानं लिहिली. त्यात वाऱ्याचीही शक्यता मांडली होती. तिने पाच पानं चुलीत घातली. उरलं ते असं:

"तिउर्मा, जमिनीत दोष नाही. मी बसायचो, छत्री लावून. शुक्रवारी नमाजाला जायचो. बाकीच्या दिवसांतला तेवढा तास वगळ, उरलेलं सगळं खरं आहे. सरांना हे दाखव. खाली सही केली आहे."

टपाल कचेरीतल्या कारकुनाने विचारलं, "साधं की जलद?"

"जलद," मी म्हणालो.

रोस्मानियार नुसती खोकली. कारकुनाने शिक्का मारला आणि पत्र पोत्यात टाकलं.