कॉक खाली

हँडल फिरवून फिरवून विद्याधरचा खांदा भरून आला, तरी इंजिन नुसत्या धापा टाकत राहिलं. पिठाच्या गिरणीचं हे डिझेल इंजिन त्याच्या वडिलांनी, रमाकांतनी, वीस वर्षं चालवलं. ते चैत्रात गेले. गिरणी मात्र त्यांच्या थोरल्या भावाच्या, जनार्दनच्या नावावर. जनार्दन भाऊजींनी विद्याधरच्या आईला, इंदूला, शब्द दिला होता, आज अकरापर्यंत मायलेकांनी इंजिन सुरू करून दाखवावं, गिरणी तुमच्याकडेच राहील. नाहीतर ती विकत घ्यायला मऊरानीपुरहून गिऱ्हाईक यायचंच आहे.

भाऊजी बाकावर पान लावत बसले होते. म्हणाले, रमाकांतबरोबर यानंही डोळे मिटलेले दिसतात.

इंदूनं धुराड्याकडे पाहिलं. धुराचा धागासुद्धा नाही. टाकी विद्याधरनं सकाळीच भरलेली, म्हणजे नळीत हवा शिरली होती. तिनं पाना घेऊन फिल्टरचा स्क्रू सैल केला. उतू जाणाऱ्या दुधासारखा फेस आला. रमाकांत म्हणायचे, नळीतली हवा म्हणजे गळ्यातला हुंदका. तो निघाल्याशिवाय आवाज फुटायचा नाही. मग पंपाचा स्क्रू. एकेक बुडबुडा विझत गेला आणि डिझेलची नितळ धार लागली.

"हवा शिरली कशी?" तिनं विचारलं. "मावशीकडे जाताना चिठ्ठी ठेवली होती ना, काम झालं की टाकीचा कॉक खाली कर म्हणून?"

"खालीच तर केला, आई. पूरा. एक थेंब नाही ठेवला."

इंदूचा हात थांबला. तिचं खाली म्हणजे दांडी खाली ओढून कॉक बंद करणं. झाशीत जन्मलेल्या, इलाइट चौराह्यावरच्या कचेरीत दिवसभर हिंदी बोलणाऱ्या लेकाचं खाली म्हणजे रिकामं.

"काका होते ना इथे," तो म्हणाला. "चिठ्ठी वाचून त्यांनीच डिझेलला डबा धरला."

भाऊजींनी पान गालात सारलं. पोराच्या प्रत्येक चुकलेल्या मराठी शब्दाला हसणारे ते. त्या दिवशी तेवढे हसले नव्हते.

"मला वाटलं, तूच सांगितलंयस," ते इंदूला म्हणाले.

इंदूनं लेकाला हँडल फिरव म्हणून खुणावलं. दोन फेरे, तीन, आणि इंजिन दणक्यात बोलू लागलं. भिंतीवरचं जुनं पीठ झरझर गळलं. अकराला दहा मिनिटं होती.

गिऱ्हाईक दारातच कान देऊन उभं होतं. म्हणालं, मशीन तो जवान है, भाईसाहब.

"काका, तुम्ही शब्द दिला होता," विद्याधर म्हणाला.

"बंद इंजिनावर दिला होता," भाऊजी उठत म्हणाले. "चालत्या इंजिनाला गिऱ्हाईक आलं, तर त्याला काय हाकलून देऊ?"

इंदूनं पदराला हात पुसले. टाकीपाशी गेली आणि कॉकची दांडी खाली ओढली. नळीत उरलेल्या डिझेलवर इंजिन थोडा वेळ चाललं, अडखळलं, आणि गप्प झालं. गिऱ्हाइकानं भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी हँडल धरलं, दोनदा फिरवलं, सोडून दिलं.

"आई, ये क्या किया?"

"कॉक खाली केला," ती म्हणाली, "आणि नळीही. तुझ्या अर्थानं."

पाना तिनं पिशवीत टाकला.