माझ्या पाठीवर लिहिलंय, ते वाचा!

मी पट्टी बोलतेय. इंजिन ऑईलची नव्हे हो! ती पुढची, पिवळ्या मुठीची, सगळ्यांची लाडकी. मी मागची, लाल मुठीची, गिअरबॉक्सचं तेल मोजणारी. बॉनेट उघडलं की लोक तिला उपसतात, पुसतात, परत घालतात आणि हात झटकून मोकळे होतात. माझ्याकडे बघायचं कुणाला सुचेल तर शपथ!

एका कारखान्यात पोलादाच्या पातळ पत्र्यातून मला कापलं. टोकाला दोन खुणा केल्या, एक वरची, एक खालची. आणि पाठीवर बारीक अक्षरांत ठोकलं की तेल बघताना इंजिन गरम हवं, चालू हवं आणि गिअर ‘पी’वर, म्हणजे पार्किंगवर हवा. बस, एवढंच. माझं सगळं शहाणपण त्या एका ओळीत आहे.

कारण साधं आहे. गाडी चालू असताना तेल गिअरबॉक्सभर खेळत असतं. इंजिन बंद केलं की ते तळाशी येऊन साचतं आणि माझ्या अंगावर उंच चढतं. मग गाडी अर्धपोटी असली तरी मी ‘भरपूर आहे’ असंच सांगणार. याला खोटं बोलणं म्हणत असाल तर म्हणा बापडे, पण चूक विचारणाऱ्याची आहे.

आमच्या मालकीणबाई सिस्टर. घरोघरी जाऊन बाळंतिणींना आणि बाळांना तपासतात. लहानपणापासून त्यांचा डावा पाय अधू, क्लच दाबणं जमायचं नाही, म्हणून ही ऑटोमॅटिक गाडी घेतली. त्याला एकोणीस वर्षं झाली. ही गाडी गेली तर सिस्टर घरात अडकणार आणि त्यांचं काम सुटणार, हे मला कळतं. त्यांच्या मुलाला कळत नव्हतं.

सहा महिन्यांपूर्वी दुखणं सुरू झालं. पुढे जायला गिअर ‘डी’वर टाकला की गाडी जरा विचारात पडायची, मग धक्का देऊन निघायची. पुढे पुढे तर तापली की चढावर इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. सिस्टर कडेला थांबायच्या, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन घड्याळ बघत बसायच्या.

पहिल्या गॅरेजवाल्याने प्लग बदलले. दुसरा म्हणाला, “क्लच प्लेट गेलीय.”

“अहो, हिला क्लचचं पेडलच नाहीये,” सिस्टर म्हणाल्या.

“मग तोच तर प्रॉब्लेम आहे ना!”

कप्पाळ माझं!

तिसरे मेस्त्री मात्र हाताचे चांगले, सिस्टरांच्या ओळखीतले. ते घरी आले आणि त्यांनी चक्क मला बाहेर काढलं! एवढा आनंद झाला म्हणून सांगू. पण इंजिन बंद, गाडी रात्रभर उभी, थंडगार. मेस्त्रींनी मला उन्हात धरलं आणि म्हणाले, “तेल काठोकाठ आहे, सिस्टर. म्हणजे बिघाड आतलाच. गिअरबॉक्स खोलावा लागेल, आणि या वयाच्या गाडीसाठी एवढा खटाटोप कशाला?” मी जीव तोडून ओरडत होते. पण पत्र्याला तोंड कुठलं?

दोन दिवसांनी दुपारी सिस्टर गाडीशेजारीच खुर्ची टाकून बसल्या होत्या. पेपर हातात, डोळे मिटलेले. मुलगा आला. “आई, तुझा पाय आणि ही गाडी, दोन्ही थकलीयत. मी सोडत जाईन तुला. काढून टाकू ना?”

“हं,” सिस्टर झोपेतच म्हणाल्या.

झालं! तेवढ्या ‘हं’वर त्याने भंगारवाल्याला शनिवारी सकाळी यायला सांगितलं.

शनिवारी मुलाने सिस्टरांना सांगितलं, “त्या दुपारी तूच ‘हं’ म्हणालीस.” तेवढ्यात, भंगारवाल्याच्या आधी मेस्त्री आले. मुलाला दाखवायला म्हणून त्यांनी मला पुन्हा उपसलं, “हे बघा, काठोकाठ!” सिस्टरांनी मला त्यांच्या हातातून घेतलं आणि चष्मा लावला.

“मेस्त्री, इथे काहीतरी लिहिलंय.”

“कंपनीवाले लिहितात हो काहीबाही.”

“बाटलीवरचं वाचल्याशिवाय मी बाळाला थेंब देत नाही,” असं म्हणून त्यांनी मला पुरतं वाचलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा!

त्या गाडीत बसल्या, गल्लीला चार चकरा मारून आल्या, गिअर ‘पी’वर टाकला आणि इंजिन चालूच ठेवलं. मला पुसून आत घातलं, बाहेर काढलं. टोक कोरडं! एक तपकिरी थेंब होता, त्यालाही करपल्याचा वास. मेस्त्री गाडीखाली शिरले. माझं तेल थंड करायला रेडिएटरकडे नेणारा पाइप सांध्यापाशी ओला होता. गाडी तापली की तिथून तेल गळत होतं.

“मग आत्ता काठोकाठ कसं दाखवलं हिने?” मुलाने विचारलं.

“बंद असताना विचारलं, म्हणून,” सिस्टर म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या. “तूही मला डुलकीत विचारलंस. आता जागी आहे मी. विचार.”

तो बॉनेट लावायला वळला.

“विचार ना!”

“काढून... टाकायची का गाडी?”

“नाही.”

पाइप बदलला, नवं लालभडक तेल आलं. भंगारवाला चहा पिऊन परत गेला. पण सहा महिने उपाशी पळून गिअरबॉक्स आतून भाजला तो भाजलाच. लांब चढावर गाडी अजून कुरकुरते. “जेवढे दिवस चालेल तेवढे दिवस,” असं मेस्त्री म्हणतात. एक ओळ वेळेवर वाचली असती तर हे ऐकावं लागलं नसतं, आणि याचाच मला राग येतो!

आता दर रविवारी सिस्टर मला बाहेर काढतात. तुमच्याही गाडीत माझी एखादी बहीण असेल. तिची खुशाली जरूर विचारा, पण बाबांनो, विचारण्याआधी इंजिन चालू करा.