निळा टाका

आमच्या डॉक्टरांना आम्ही पाठीमागे 'मिलिमीटर' म्हणतो. तोंडावर अर्थातच सर. माणूस सज्जन आहे, पण मोजल्याशिवाय पाणीसुद्धा पिणार नाही. कुणी नाक सरळ करायला येतं, कुणी सैल पापण्या ओढून घ्यायला, सगळ्यांची मापं होतात. आणि कॅन्सरमुळे स्तन काढावा लागलेल्या बाईला नवा घडवून द्यायचा असला की मापं दोनदा होतात. मी त्यांच्या वॉर्डची सिस्टर, बावीस वर्षं झाली. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं सगळे म्हणतात, आमच्याकडून नाक करून गेलेलेसुद्धा.

टेलरबाई पहिल्यांदा तपासून घ्यायला आल्या तेव्हा सरांनी टेप काढला. बाईंनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, टेप असा ताणून धरत नाहीत. कपडा काखेत काचेल." सरांनी निमूटपणे टेप सैल केला. इतक्या वर्षांत त्यांना कुणी माप शिकवलेलं मी पाहिलं नव्हतं. मला ती बाई तिथेच आवडली.

दीड वर्षापूर्वी त्यांचा डावा स्तन काढला होता. तेव्हापासून स्वतःच्या प्रत्येक कपड्यात डावीकडे कापसाची उशी शिवून घालत होत्या, आणि शिवणार त्याच म्हणून ती कुणाला कळतही नव्हती. "गावभरच्या बायकांचे कपडे मापात बसवते," त्या म्हणाल्या, "आणि माझाच एक खोटा." हे म्हणताना त्या हसल्या, पण टेपकडे बघत हसल्या.

सोबत त्यांची मोठी नणंद असायची. टेलरबाई तिला वन्सं म्हणायच्या, मग सगळा वॉर्डच वन्सं म्हणायला लागला. दोघी मिळून दुकान चालवायच्या. कापायचं आणि शिवायचं भावजयीने, शेवटची सफाई नणंदेने. खडूच्या खुणा झटकायच्या, कच्चे धागे उपसायचे, लोंबणारी टोकं छाटायची. वन्संच्या हाताखालून गेल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर पडत नसे. आमच्या वॉर्डात पाऊल ठेवल्या ठेवल्या त्यांनी पलंगाच्या चादरीची किनार उलटी करून बघितली आणि म्हणाल्या, "कुणी मारलीय ही शिलाई?" मी मारली नव्हती, तरी मला राग आला.

ऑपरेशन सोमवारी झालं, नऊ तास चाललं. पोटावरची कातडी आणि चरबी उचलून छातीवर बसवायची, आणि तिच्यातली काडीएवढी रक्तवाहिनी छातीतल्या रक्तवाहिनीला भिंगाखाली जोडायची, असं ते काम. जोड वाहता राहिला तर स्तन जगला. जोडात गुठळी झाली तर हातात मोजके तास असतात, पुन्हा उघडावं लागतं, आणि उशीर झाला तर सगळं काढून टाकावं लागतं. पोटावरून हे एकदाच घेता येतं.

म्हणून पहिले काही दिवस आम्ही तासातासाला बघतो. रंग, ऊब, आणि आवाज. आवाजासाठी जाड पेनाएवढं एक यंत्र असतं. ते कातडीवर टेकवलं की आतलं रक्त ऐकू येतं, धापा टाकल्यासारखं. पण ते नेमक्या जागीच टेकवावं लागतं. इकडेतिकडे सरकलं तर खालच्या छातीचा आवाज येतो आणि तो फसवतो. म्हणून सर त्या जागेवर निळ्या धाग्याचा एक सैल टाका घालून ठेवतात, टोकं चांगली लांब सोडून. शाईची खूण पुसली जाते, टाका जात नाही. निदान तोवर गेला नव्हता.

बुधवारी सकाळी दहाला मी आवाज ऐकला, ठणठणीत होता. अकराला पुन्हा गेले, गाऊन बाजूला केला, आणि निळा टाका नव्हता.

मला वाटलं गाऊनला अडकला असेल. गाऊन झटकला, चादर बघितली. मग अंदाजाने यंत्र टेकवलं. नुसती खरखर. बोटभर वर सरकवलं, तिथे एक आवाज आला, पण तो स्तनाचा की खालच्या छातीचा, छातीठोक सांगता येईना. त्यात खोलीतला एसी कुणीतरी वाढवून ठेवलेला, कातडी हाताला गार लागत होती आणि रंगही मला फिका वाटला. मी सरांना फोन केला आणि बाईंना म्हटलं, "आता काही खायचं-प्यायचं नाही."

बाईंना समजायला वेळ लागला नाही. "गेला का?" त्यांनी विचारलं.

"अजून काही गेलेलं नाही," मी म्हटलं, पण माझा चेहरा माझं ऐकत नाही.

सर धावत आले. त्यांना धावताना बघून वॉर्डातल्या पोरींचे चेहरे उतरले. त्यांनी बोटाने दाबून पाहिलं, यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं. सूज होती, काळेनिळे डाग होते, आणि दोन दिवसांत सगळा आकारच जरा सरकला होता. शेवटी घड्याळ बघून म्हणाले, "मला खात्री देता येत नाही. वाट बघत बसलो तर हातचं जाईल. थिएटर तयार करायला सांगा."

टेलरबाईंनी डोळे मिटून घेतले. "डॉक्टर, गेला तर मला उठल्यावर लगेच सांगा," त्या म्हणाल्या. "उशी पुन्हा शिवायला मी मोकळी."

तेव्हा कोपऱ्यातून वन्सं पुढे आल्या. त्यांनी पर्स उघडली, आतून कागदाची पुडी काढली आणि सरांपुढे धरली. पुडीत निळा धागा होता.

"हा शोधताय का?" त्या म्हणाल्या. "आत्ता लक्षात आलं माझ्या. मी काढला. मघाशी वहिनीचा डोळा लागला होता, तेव्हा तिचं अंग पुसत होते. मला वाटलं, कच्चा टाका आहे, तुमच्या माणसांनी काढायचा ठेवला. टोकंसुद्धा तशीच लोंबत होती."

"कशाने काढला?" सरांनी विचारलं.

"धागे तोडायच्या कात्रीने. स्पिरिटने पुसून घेतली होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जे तोंडाला आलं ते बोलणार होते, आणि बरंच काही आलं होतं. पण मग आठवलं. टाक्याचं मी टेलरबाईंना समजावलं होतं, शेजारच्या पलंगालासुद्धा समजावलं होतं. सोबतच्या माणसाला सांगायचा आमचा नियम आहे, आणि चादरीच्या किनारीवरून बिनसल्यापासून मी वन्संशी धड बोललेच नव्हते. त्यातला अर्धा टाका मीच तोडला होता म्हणा ना.

सर शांत होते. "नेमका कुठे होता, आठवतंय?"

"आठवायचं कशाला?" वन्सं म्हणाल्या. "टाका काढला तरी सुईची भोकं राहतात. तो दिवा जरा खाली घ्या."

त्या वाकल्या. चष्मा कपाळावर ढकलला, हात पाठीमागे बांधले आणि कातडीवरून नजर फिरवायला लागल्या. तिथे टाके होते, डाग होते, लाल ठिपके होते. मला सगळं सारखंच दिसत होतं. वन्सं एका जागी थांबल्या.

"ही दोन. शेजारी शेजारी. हात लावत नाही मी, तुम्हीच बघा."

सरांनी भिंग लावलं आणि मान हलवली. मी तिथे यंत्र टेकवलं. आधी खरखरच आली. मग आला. धाप, धाप, धाप, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा.

सर पलंगाच्या कडेवर बसले, पेशंटच्या पलंगावर बसलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या जिवात जीव आला आणि मला रडू फुटलं. लपवायला मी एसी बंद करायला गेले.

"हा माझाच ना?" टेलरबाईंनी विचारलं.

"तुमचाच," सर म्हणाले. "एकदम उत्तम आहे."

"जरा मोठा करा की मग." आवाज मोठा केल्यावर त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "वन्सं, अजून कपडा गिऱ्हाइकाला दिलेला नाही. धागे काढायची एवढी घाई करू नका."

मी वन्संना खुर्ची ओढून दिली आणि चहा मागवला, माझ्यासाठीही. सरांनी त्याच दोन भोकांतून नवा निळा टाका घातला आणि या वेळी मी वन्संना सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वर विचारलं, "मग हे आधी का नाही सांगितलंत?" मी चहा त्यांच्यापुढे सरकवला.

त्यानंतर वन्संनी पलंगाजवळ हात पाठीमागेच बांधून ठेवले. अंग पुसायचं असलं तरी मला बोलवायच्या. मी घरी जायला निघाले की दारापर्यंत येऊन विचारायच्या, "शेवटचा ऐकलात ना?" नव्या पोरींपेक्षा त्यांनाच वेळा जास्त पाठ झाल्या होत्या.

आठव्या दिवशी सर म्हणाले, "उद्या घरी. टाका काढून टाका, सिस्टर." मी ट्रेमधली निर्जंतुक कात्री उचलली. मग सरांकडे बघितलं, त्यांनी मान डोलावली, आणि मी हातमोज्यांची जोडी वन्संपुढे धरली.

"मी नाही," वन्सं म्हणाल्या. "एकदा केलं ते पुरे झालं."

"सफाई तुमच्याकडे असते ना?" मी म्हटलं. "मग कपडा अर्धवट कसा बाहेर पाठवायचा?"

टेलरबाई आधीच गाऊन सरकवून बसल्या होत्या. "करा वन्सं. दुसऱ्या कुणी काढलेला मला चालत नाही."

वन्संनी मोजे चढवले. चाळीस वर्षं धागे तोडलेल्या उजव्या हाताला त्यांनी डाव्याचा टेकू दिला, निळं टोक चिमटीत धरलं, तोडलं, आणि धागा अलगद ओढून घेतला. मग कात्री ठेवली नाही, तशाच उभ्या राहिल्या.

"आता एकदा ऐकवा," मला म्हणाल्या.

खूण नव्हती. वन्संनी बोट दाखवलं, मी यंत्र टेकवलं. धाप, धाप, धाप. टेलरबाईंनी नणंदेचा मोकळा हात धरला, आणि आवाज संपेपर्यंत, म्हणजे मी यंत्र उचलेपर्यंत, दोघींनी तो सोडला नाही.