बोटाखालची ओळ

"घे, मध घातलाय. आणि आज तू वाचू नकोस. तुझा अर्धा तास मी ओढतो," गरम पाण्याचा कप लोरेटाच्या हातात देत तिच्या जोडीचा कारकून वेंडेल म्हणाला.

"आणि मी काय करू? भिंतीकडे बघत बसू?"

लोरेटा पिकेट एकोणीस वर्षं अमेरिकेच्या सिनेटमध्ये कारकून होती. सभागृहात मजकूर मोठ्याने वाचायचा, हेच काम. आज पाळी होती ती परदेशातून आलेल्यांना हुडकून हाकलणाऱ्या खात्याला पैसा पुरवणाऱ्या विधेयकाची. विरोधातला एक सदस्य हटून बसला होता, मतदानाआधी अक्षर न् अक्षर वाचा. तेवढाच उशीर. नऊशे चाळीस पानं! भांडण साहेबांचं आणि घसा कारकुनांचा.

आणि आजच सकाळी तिचा जावई ओतोनिएल त्याच खात्याच्या कचेरीत वर्षाची हजेरी द्यायला गेला होता. तो मूळचा ग्वाटेमालाचा. अकरा वर्षं तो कागद न्यायचा, शिक्का मारून घेऊन परत यायचा. यंदा आत गेलेली माणसं बाहेर येत नव्हती. लेक ज्वेल कचेरीच्या दाराशी उभी होती.

सभागृहात फोन न्यायला बंदी. ज्वेलचा निरोप येईल म्हणून लोरेटाने तो वेंडेलच्या हवाली केला.

"सुटला तर साडेअकराला ये, नेहमीसारखा. नाही सुटला तर आधी ये."

"अगं, पण..."

"बस्स. ठरलं."

पाळी बदलताना आवाज तुटू द्यायचा नाही, अशी त्यांची रीत. दुसऱ्याने येऊन ओळीखाली बोट ठेवायचं, पहिल्याने पूर्णविरामापर्यंत वाचून उठायचं. शब्द चुकला तर बोट त्या शब्दावर वाजतं. मग ती ओळ पहिल्यापासून वाचायची. "आवाजाला मत नसतं," हे तिला वेंडेलनेच शिकवलेलं.

ती वाचू लागली. समोर तीन सदस्य, त्यातला एक पेंगत होता. कोठड्यांमधल्या खाटा, विमानं, नवी भरती. एकसुरात, शांतपणे. घरी ती हॉटेलातलं पदार्थांचं पत्रकसुद्धा अशीच वाचायची. ओतोनिएल हात वर करून म्हणायचा, "सासूबाई, तळलेला मासा एकमताने मंजूर!" ते आठवलं, पण आवाज हलला नाही.

घड्याळात अकरा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

पानावर एक बोट आलं. नख वाकडं असलेलं, वेंडेलचं.

तिने वर पाहिलं नाही. पाहण्याची गरजच नव्हती. पूर्णविराम दोन ओळींवर होता, तिथवर तिलाच जायचं होतं.

"ताब्यात घेतलेल्या प्रत्येक माणसाला..."

बोट वाजलं. कागदावर 'परकीयाला' होतं. एकोणीस वर्षांत तिचा पहिला चुकलेला शब्द. अध्यक्षांनी मान वर केली. पेंगणारा सदस्यही जागा झाला.

लोरेटाने एक घोट पाणी घेतलं. रीतीप्रमाणे ती मागे गेली आणि ओळ पहिल्यापासून, प्रत्येक शब्द सुटा करून वाचू लागली.

"ताब्यात घेतलेल्या प्रत्येक माणसाला..."

बोट त्या शब्दावर तसंच राहिलं. मग वेंडेलने ते उचललं आणि पुढच्या ओळीखाली ठेवलं.