चार बोटं कमी

"छान आहे, आई. राहू दे अशीच," मुलगी आरशासमोर उभी राहून म्हणाली, आणि लगेच तिचा हात गळ्याशी गेला. तिनं माळ जरा वर ओढली, सोडली, पुन्हा ओढली.

आई तिच्या मागे उभी होती. माळेची दोन्ही टोकं तिच्या चिमटीत होती. मणी निसटू नयेत म्हणून टोकांना चिकटपट्टीचे तुकडे लावलेले होते. गाठ मारून फासा लावायचा अजून बाकी होता.

"खाली येतेय," आई म्हणाली.

"नाही गं. हल्ली अशाच घालतात."

"हल्ली काय घालतात ते नाही विचारलं मी. खाली येतेय की नाही?"

"थोडीशी. पण मला चालेल ना! मग अजून थोडे मणी काढ."

"थोडे म्हणजे किती?"

"थोडे म्हणजे थोडे, आई. मला काय माहीत?"

आईनं माळ काढून घेतली आणि टेबलावरच्या फडक्यावर ठेवली. मुलीच्या बोलण्याचा तिला राग आला नाही. हल्ली तिला कशाचाच राग येत नसे. पण नेमकं हे असं होतं म्हणूनच या घरात एक नियम होता. ज्याला माळ द्यायची, त्याच्या गळ्यात ती कधी मापायची नाही. ज्याला द्यायची तो भिडेखातर खोटं बोलतो. छान आहे म्हणतो, घरी नेतो आणि कपाटात टाकून देतो.

म्हणून माप व्हायचं ते नवऱ्याच्या गळ्यावर.

ती एका लाँड्रीच्या काउंटरवर कामाला होती. दिवसभर लोकांचे कपडे घ्यायचे, त्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचायच्या, खिसे तपासायचे, डाग दाखवून ठेवायचे. घरी आली की चहा, आणि चहानंतर मणी. या नादात पैसा मिळत नव्हता, उलट जातच होता, पण नवरा बसचा ड्रायव्हर असून त्याला पत्त्यांचा किंवा दारूचा नाद नव्हता, तेव्हा घरात एक नाद बायकोचा असायला हरकत नाही असं त्याचं म्हणणं होतं. सुट्टीच्या सकाळी तो बनियनवर पेपर वाचत बसायचा आणि ती मागून त्याच्या गळ्यात माळ टाकायची. तो वाचन न थांबवता निकाल द्यायचा. "टोचतेय." "ही काय माळ आहे की बैलाचा कासरा?" क्वचित कधी, "हं, ही बरी बसलीय." एकदा कुरिअरवाला आला तेव्हा गुलाबी मोत्यांचा तीनपदरी हार घालूनच तो दारात सही करायला गेला. कुरिअरवाल्यानं काही विचारलं नाही, यानंही काही सांगितलं नाही.

त्याची मान चांगली रुंद होती. त्या मानेवरून बाकीच्यांचा हिशेब ठरलेला असे. नणंदेला जशीच्या तशी. लाँड्रीच्या मालकिणीला दोन बोटं जास्त, कारण तिला हनुवटीखालचा भाग झाकायचा असे. मुलीला चार बोटं कमी. तो मानेमागे हात नेऊन माळेवर आपली बोटं आडवी ठेवायचा, ती तिथं खूण करायची, आणि माप कधी चुकायचं नाही.

शेवटची गाठही त्याचीच. लग्न झाल्यानंतर वर्षभरातच तिच्या बहिणीच्या लग्नात तिनं स्वतः केलेला आणि स्वतः बंद केलेला हार भर मांडवात सुटला होता. मणी सगळीकडे पळाले आणि त्यांवरून घसरून नवरदेवाचे काका असे काही धपकन बसले की पुढे कित्येक वर्षं त्या घरात तिचं नाव निघालं की आधी हशा पिकायचा. तेव्हापासून तिनं ओवायचं आणि त्यानं बंद करायचं अशी वाटणी झाली. बसच्या टपावर सामान बांधावं तशी तो गाठ मारायचा, हिसका देऊन ओढून बघायचा, आणि उरलेला दोरा कापायचा. एवढ्या जाड बोटांना ती नाजूक गाठ कशी जमायची, हे तिला कधी कळलं नाही.

ही हिरव्या काचमण्यांची दुपदरी माळ मुलीच्या लग्नासाठी होती. एका सकाळी ती त्याच्या गळ्यात घालून पाहिली होती. कामावर जायची घाई होती, म्हणून तो उभ्याउभ्याच म्हणाला, "झकास. पोरीला चार बोटं कमी. संध्याकाळी आलो की बंद करतो." संध्याकाळी त्यानं डेपोत बस नेऊन लावली आणि तो सीटवरच बसून राहिला. कंडक्टरला वाटलं, डुलकी लागली असेल. हँडब्रेक ओढलेला होता. हे तिला भेटायला आलेल्या प्रत्येकानं आवर्जून सांगितलं.

ती रडली नाही. रडू आवरलं असं नाही, ते आलंच नाही. बसून बसून पाय बधिर होतो, त्याला चिमटा काढला तरी तो दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं तिचं सगळंच झालं होतं. बायका म्हणाल्या, रडून घे, मोकळी हो. एका रविवारी तिनं दार लावून प्रयत्नही करून पाहिला. काही होईना, तेव्हा ती उठली आणि तिनं भांडी घासली. मग पुन्हा काउंटर, पुन्हा चिठ्ठ्या, पुन्हा चहा. आणि मणी. मणी मात्र थांबले नाहीत. तिनं माळेमागून माळ ओवली, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली आणि आतल्या खोलीतल्या पडद्याच्या दांडीवर अडकवून ठेवली. आता तिथून आत जायचं तर हातानं माळा बाजूला साराव्या लागत. एकही बंद केलेली नव्हती.

"आई," मुलगी आता आरशापासून वळली होती. "तू ही बंदच करणार नाहीयेस ना?"

"करीन की."

"कधी? सोमवारी सह्या आहेत आमच्या. मी तुझ्याकडे साडी मागितली नाही, दागिना मागितला नाही. बाबांनी मापलेली एवढी माळ हवीय मला. नाही केलीस ना, तर ही चिकटपट्टी लावलेलीच घालून जाईन. लोक हसले तर हसू देत."

"चिकटपट्टी घामानं सुटते."

"मग सुटू दे!" मुलीचा आवाज फाटला. तिनं पर्स उचलली. शिंप्याकडे जायचं होतं, ते निमित्त बरं सापडलं. दार तिनं आपटलं नाही, पण आपटायचं मनात होतं हे कळेल इतपत जोरात लावलं.

आई फडक्यापाशी बसली. तिनं आपला उजवा हात माळेवर आडवा ठेवला आणि पाहिला. चार बोटं. बारीक, टोकाशी सुईनं खरबरीत झालेली. याच चार बोटांनी तिनं काल मणी काढले होते, आणि माळ लांब राहिली होती. राहणारच. त्याच्या तीन बोटांच्या रुंदीलाही तिची चार पुरली नसती. चार बोटं म्हणजे त्याची चार बोटं, हे कधी सांगायची वेळच आली नव्हती, म्हणून काल तिच्या लक्षातही आलं नाही.

मुलीच्या गळ्यावर धरून आणखी मणी काढले असते तर माळ नीट झाली असती, हे तिला कळत होतं. बावळट नव्हती ती. पण मुलीच्या गळ्याचं माप तिला नको होतं. तिला त्याचं माप हवं होतं, आणि हे कुणापुढे बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. वाटीत काढून ठेवलेले मणी तिनं सुईवर घेतले आणि एकेक करत पुन्हा माळेत घातले. माळ होती तेवढी झाली.

बेल वाजली ती त्याच वेळी.

दारात दीर होता. पंपाचे सुटे भाग विकायचा धंदा, त्यामुळे अंगाला कायम ग्रीसचा वास, आणि तोंड सतत चालू. पण भाऊ गेल्यापासून तो या घरी फारसा फिरकला नव्हता. आला तरी दारातूनच जायचा.

"वहिनी, ओळखपत्र आणलंय. सोमवारी साक्षीदार म्हणून मी सही करणार ना, तर पोरगी म्हणाली आधी आईकडे देऊन ठेव, नाहीतर हरवशील. काकाबद्दल काय आदर आहे बघा."

"आत या ना, भाऊजी."

"नको, निघतो. गाडी आडवी लावलीय."

"आडवी लावायला इथे रस्ता कुठे आहे? या."

तो आत आला, पण भावाच्या खुर्चीत बसला नाही. त्या खुर्चीकडे त्यानं पाहिलंही नाही. खिडकीपाशी पाठमोरा उभा राहिला आणि बाहेरच्या गाडीची चौकशी करावी तसा खाली वाकून बघू लागला.

तिनं त्याची मान पाहिली. शर्टाच्या कॉलरच्या वर तीच घडी होती. केस कापल्यावर खाली जी रेघ राहते, तीसुद्धा तशीच. एवढ्या वर्षांत हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. दिराची मान कोण कशाला बघेल?

"भाऊजी," ती म्हणाली, "जरा खुर्चीत बसता का? आणि वरचं बटण काढा."

तो वळला. "काय झालं?"

"माळ मापायचीय. पोरीची."

दीर हसला. मग त्याच्या लक्षात आलं की ती हसत नाहीये. "माझ्या गळ्यात?"

"त्यांच्याच गळ्यात मापायचे मी. तुमची मान तशीच आहे."

तो काही क्षण ओळखपत्राशीच चाळा करत राहिला. "म्हणून तर येत नाही ना मी," तो शेवटी म्हणाला. "डेपोपाशी गेलो होतो मागे. त्याचा कंडक्टर मला मागून बघून धावत आला. तोंड वळवलं तर बिचाऱ्याचा चेहरा असा झाला... म्हटलं, आपण उगाच कुणाला त्रास कशाला द्यायचा. तुम्हाला तर नकोच."

"मला काही त्रास होत नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं. "बसा."

तो बसला. बटण काढलं, पाठ ताठ केली, न्हाव्याकडे बसतात तसा. तिनं मागून माळ त्याच्या गळ्यात टाकली आणि दोन्ही टोकं मानेवर आणून धरली. हिरवे मणी कॉलरच्या आत घसरून नीट बसले.

"शोभते का मला?" त्यानं विचारलं. सवयीनं निघालेला विनोद होता.

"टोचते का ते सांगा."

"नाही. गार लागतेय." आणि मग, "दादा असाच बसायचा?"

"पेपर वाचत."

"गळ्यात माळ घालून?"

"हो. कुणी आलं तर तसेच दारात जायचे."

"मला कधी बोलला नाही," दीर म्हणाला. "साला, कधी बोलला नाही."

तिनं टोकं आणखी जवळ आणली. आणि मग तिच्या चिमटीत दोरा थरथरू लागला. आधी तिला वाटलं, आपलाच हात हलतोय. तो हलत नव्हता. मणी एकमेकांवर बारीक आवाज करत वाजत होते. समोरचे रुंद खांदे वरखाली होत होते, आणि त्यानं तोंडावर मूठ धरली होती.

"हलू नका, भाऊजी," ती म्हणाली. "माप चुकतं."

"सॉरी, वहिनी. सॉरी." त्यानं श्वास ओढून धरला. मणी वाजायचे थांबले.

"आता उजवा हात मागे आणा. चार बोटं जोडून माळेवर आडवी ठेवा. इथे. हां, अशी."

ग्रीस मुरलेली, जाड चार बोटं तिच्या बोटांशेजारी येऊन टेकली. ती गरम होती. हे मात्र तिला जाणवलं, चांगलंच जाणवलं, आणि ती घाईनं सुईनं खूण करू लागली. खूण झाली तरी त्याला हात काढ म्हणायचं तिला सुचलं नाही. मग सुचलं.

तिनं उभ्याउभ्याच जादा मणी उतरवून ओच्यात घेतले. माळ त्याच्या गळ्यातून काढून घेतली आणि फासा अडकवला. पहिली गाठ, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. गाठ मारताना तिचे दात खालच्या ओठावर होते. मग तिनं दोन्ही मुठींत माळ धरून जोरात हिसका दिला. पुन्हा एक. काही सुटलं नाही. टेबलावरची कात्री घेऊन तिनं उरलेला दोरा कापला. कापताना आवाज असा झालाच नाही.

दिरानं रुमालानं तोंड पुसलं, नाक शिंकरलं. त्याचा सूर जागेवर आला होता. "झालं का, वहिनी? उठू मी?"

ती त्याच्या मागे उभी होती. बंद झालेली माळ तिच्या एका हातात होती.

"झालं," ती म्हणाली. "पण बसा थोडं. वळू नका. असेच बसा."